डब्यातले जुने मणी



तुमच्या घरी फडताळात किंवा ट्रंकेच्या तळाशी एखादा लहानसा डबा असेलच. त्यात तुटलेल्या पोतीचे काळे मणी असतील, मुलाच्या मनगट्यांचे चार दाणे असतील, आजीच्या माळेतले दोन निळे काचमणी असतील. टाकवत नाहीत आणि वापरातही येत नाहीत. आज आपण त्या डब्याविषयी बोलू.

काच कुजत नाही. वाळू, सोडा आणि चुना भट्टीत वितळवून ती होते, आणि त्यासाठी पुष्कळ जळण लागते. उकिरड्यावर टाकलेला मणी खतात मिसळत नाही. भंगारवाला बाटल्या घेतो, मणी घेत नाही. पण तोच मणी पुन्हा ओवला, तर नव्या भट्टीची गरजच उरत नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावी रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभे राहिलेले वस्तुसंग्रहालय आहे. तिथे शेकडो वर्षांपूर्वीचे मणी पाहायला मिळतात. ज्याने ओवले तो गेला, दोरा गेला, मणी मात्र राहिला.

आता कामाला लागू. प्रथम मणी ताटात पसरा आणि काच कोणती, प्लॅस्टिक कोणते, ते वेगळे करा. काचेचा मणी गालाला लावला की गार लागतो, तळहातावर जड वाटतो, आणि दोन मणी एकमेकांवर आपटले की खणकन वाजतात. मग एकेक मणी उन्हाकडे धरून पाहा. काळा म्हणून घेतलेला मणी बऱ्याचदा गडद जांभळा किंवा हिरवा निघतो! मण्यावरच्या रेषाही बघा. रेषा भोकाभोवती गोल फिरत असतील, तर तो मणी सळईवर काच गुंडाळून केलेला. रेषा भोकाच्या दिशेने सरळ जात असतील, तर काचेची पोकळ नळी ओढून तिचे तुकडे पाडलेले. आंध्र प्रदेशातल्या पापनायडूपेट गावचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या अशी नळी ओढत आले. तुकड्यांच्या धारा जाव्यात म्हणून ते तुकडे राखेत घोळून पुन्हा तापवतात. शिक्षकांनी हा खेळ वर्गात जरूर करावा. मुलांना भूगोल आणि विज्ञान दोन्ही एका मण्यात सापडेल.

नंतर धुणे. कोमट पाण्यात रिठा घाला, मणी थोडा वेळ ठेवा, मऊ ब्रशाने हलकेच घासा आणि फडक्यावर वाळवा. कढत पाणी घेऊ नका. एकदम तापल्याने काच तडकते. आत चंदेरी मुलामा किंवा वरून रंग दिलेला असेल, तर आधी एकच मणी भिजवून पाहा. रंग सुटला, तर बाकीचे ओल्या फडक्याने नुसते पुसा. चीर गेलेले मणी बाजूला काढा.

पोत तुटते, तेव्हा बहुतेक वेळा मण्याच्या भोकाची धारच दोरा कापत असते. म्हणून भोकातून दोरा मागेपुढे ओढून बघा. अडकला, तर तो मणी ओवू नका. दोऱ्याला मेण चोळा आणि दर मण्यानंतर गाठ मारा. आमच्याकडचे पटवेकरी असेच गाठवून देत. गाठवलेली माळ तुटली, तरी एखादाच मणी पडतो; न गाठवलेली तुटली की सारे घर मणी वेचीत बसते.

थोडा हिशेबही सांगतो. मनगटाला १८ सेंटिमीटर माळ हवी आणि मणी ४ मिलिमीटरचा असला, तर गाठी न मारता ४५ मणी लागतील. गाठी मारल्या तर कमी लागतील. किती कमी, ते मुलांना काढू द्या.

एक सावधगिरी मात्र पाळा. जुन्या रंगीत काचेत शिसे किंवा कॅडमियम असू शकते. म्हणून असे मणी कोरडे घासून धूळ उडवू नका. आणि तान्ह्या मुलाच्या हातात काळ्या मण्यांच्या मनगट्या घालायची आपली रीत आहे. पण मूल सारे तोंडात घालते. दोरा तुटला की मणी घशात अडकायला वेळ लागत नाही. हौस पुरी करा, पण मोठ्यांच्या हातावर.

शेवटी घरचीच गोष्ट सांगतो. माझे वडील गेले, तेव्हा जमलेल्या बायकांनी आईची पोत तोडली. मणी ओसरीभर घरंगळले. कुणी तरी ते वेचून डब्यात घातले. पुढे बारा वर्षे आई त्या डब्याला शिवली नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला, की पती गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचे नाही, मंगळसूत्र काढून घ्यायचे नाही. ती बातमी मी आईला वाचून दाखवली. ती काही बोलली नाही. दुपारी तिने डबा आणून माझ्या मुलीपुढे ठेवला आणि म्हणाली, “हे ओव बाई, तुला शाळेत शिकवलंय ना.”

मुलीने मणी धुतले, मेण लावलेल्या दोऱ्यात गाठी मारीत ओवले. मध्ये दोन निळे घातले. माळ पुरी झाली, तशी ती आजीच्या हाताशी नेली. आई जरा थांबली. मग तिने हात पुढे केला.

तुमच्या घरातला डबाही एकदा उघडून पाहा.