ढाळ कळणारा माणूस हवा

(कोल्हापुरात तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आधी नावाचा घोळ मिटवतो. मी ‘बिम’ म्हटलं की घरातली मोठी माणसं स्लॅबखालचा बीम समजतात. हा बिम म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग. विटा-सिमेंटच्या आधी संगणकात उभी केलेली इमारत. त्यातली भिंत म्हणजे कागदावरच्या दोन रेघा नसतात. तिची जाडी, विटेचा प्रकार, गिलावा, तिच्यात बसणाऱ्या दाराचं माप, सगळं तिथंच नोंदलेलं असतं. दार सरकवलं की प्लॅन, सेक्शन आणि दारांची यादी, तिन्हीकडे बदल होतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. या मॉडेलवर काम करणाऱ्यांसाठी छोटे प्रोग्रॅम लिहितो. म्हणजे एखाद्यानं दिवसभर बसून जे काम करावं, ते मिनिटात व्हावं हे बघतो. खोल्यांना नंबर देणं, शीट लावणं, हजार दारांना नावं देणं, हे आजच प्रोग्रॅम करतो. तीन महिन्यांचा रेव्हिटचा क्लास लावला, पुण्यात मॉडेलर म्हणून लागला आणि पाच वर्षं तेच करत राहिला, अशा मुलाच्या पोटावर पाय येणार आहे. तो पाय माझ्यासारख्यांचाच असेल. म्हणून हे भाषण क्लासची जाहिरात समजू नका.

मग टिकतं काय? एक उदाहरण घेऊ. हॉस्पिटलची इमारत आहे. टॉयलेटचा सांडपाण्याचा पाइप फॉल्स सीलिंगच्या वरून सहा मीटर न्यायचाय. ढाळ साठास एक धरला तर शेवटी तो दहा सेंटिमीटर खाली उतरतो. वाटेत एसीचा डक्ट आहे, आग विझवायच्या पाण्याचा पाइप आहे, वायरींचा ट्रे आहे. नेव्हिसवर्क्ससारखं सॉफ्टवेअर लाल रंगात दाखवतं, इथं टक्कर, तिथं टक्कर. अशा शेकडो. पण सरकायचं कुणी, ते सांगत नाही. प्लंबरच्या पोराला विचारा, तो हसेल. सांडपाणी ढाळावरच जाणार, त्याला वर चढवता येत नाही, म्हणून तो पाइप शक्यतो हलवायचा नाही. आगीच्या पाइपातलं पाणी दाबानं येतं, तो वळवता येतो. ट्रे तर सगळ्यात आधी सरकवायचा. आणि बीमला भोक पाडायची कल्पना सुचली तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय माउसला हात लावायचा नाही. हे ठरवतो तो कोऑर्डिनेटर. मॉडेलरची पुढची पायरी हीच, आणि ती बटणं पाठ करून चढता येत नाही.

आता आपल्या मोहल्ल्यात बघा. कुणाचे अब्बा सेंटरिंगचे ठेकेदार, कुणाचे मामू फॅब्रिकेशनवाले, कुणाचे चाचा फरशी बसवतात. ‘हे काम तुझ्या वाट्याला यायला नको म्हणून शीक,’ असं ऐकत आपण मोठे झालो. ते बरोबरच होतं, मे महिन्यात स्लॅबवर उभं राहून बघा. पण त्या नादात त्यांच्याकडची अक्कलही आपण मागं टाकतो. डिप्लोमा झालेला पोरगा साइटवर जायला लाजतो, आणि मग मॉडेलमध्ये व्हॉल्व्ह अशा जागी बसवतो की पाना फिरवायला हात जात नाही. रविवारी चाचांबरोबर साइटवर जा. हा क्लास फुकट आहे आणि तो कोणत्याही शहरात विकत मिळत नाही.

मुलींबद्दल वेगळं बोलायला हवं. हे टेबलावरचं काम, म्हणून पालक तयार होतात, पण ‘घरूनच कर’ म्हणतात. साइट न पाहिलेली मुलगी मॉडेलरच राहते, तिच्यात हुशारी कितीही असो. तिला साइटवर न्यायला घरातलंच कुणीतरी उठलं पाहिजे. भावांनो, तुमच्याकडे बघून बोलतोय.

आधीची पिढी आखातात हातानं काम करायला गेली. दुबई महापालिकेनं २०१३ मध्ये परिपत्रक काढून मोठ्या इमारतींना बिम सक्तीचं केलं. ब्रिटनमध्ये केंद्र सरकारच्या प्रकल्पांना २०१६ पासून ते लागू झालं. परदेशातल्या अशा इमारतींची मॉडेलं पुण्या-मुंबईतही बनतात. आपल्या राज्यात नागपूर मेट्रोनं पंचमितीय बिम वापरलं. नेहमीच्या तीन मिती, चौथी वेळ, पाचवी खर्च. म्हणजे खांब कुठं आहे एवढंच नाही, तो कधी उभा राहणार आणि किती पैसे खाणार हेही मॉडेलला जोडलेलं.

कोऑर्डिनेटरच्याही वर जायचं असेल तर आयएसओ १९६५० वाचा. त्याचे पहिले दोन भाग २०१८ मध्ये आले. कुठली फाइल कुणी बनवली, कुणी तपासली, कशासाठी वापरायची, याची ती शिस्त आहे. कंटाळवाणं वाटेल. जबाबदारीची पदं तिथंच आहेत. सोबत थोडं पायथन शिका, आणि परदेशातल्या इंजिनिअरला चार ओळींचा स्वच्छ इंग्रजी मेल लिहायला शिका.

नोकरी मागताना सर्टिफिकेट दाखवू नका, काम दाखवा. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आपलं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर म्हणून बांधलेलं. अशी वास्तू पुन्हा उभारायची तर आधी मापं लागतात. पॅरिसचं नोत्र दाम २०१९ मध्ये पेटलं, तेव्हा अँड्र्यू टॅलन या कलेतिहासाच्या प्राध्यापकानं आधीच घेतलेलं लेसर स्कॅन हाताशी होतं. तो स्वतः आदल्याच वर्षी वारला होता. आपल्याकडे तालमी आहेत, दर्गे आहेत, जुने वाडे आहेत. त्यातलं एक निवडा. परवानगी काढून टेपनं मापं घ्या आणि मॉडेल करा. विद्यार्थ्यांना रेव्हिट फुकट मिळतं, आणि ब्लेंडरवर चालणारं बोन्साय तर सगळ्यांनाच फुकट आहे.

तेही जड वाटलं तर घरचा जिना घ्या. पायऱ्या मोजायला लागलात की कळेल, एक सतरा सेंटिमीटरची, दुसरी साडेअठराची. सॉफ्टवेअर सगळ्या सारख्याच काढून देईल. आहे तसा जिना मॉडेलमध्ये आणायला दोन रविवार जातील. मुलाखतीत त्याच दोन रविवारांबद्दल विचारतील.

आता प्रश्न घेतो. मागच्या रांगेपासून सुरू करू या.