डिझेल कोणत्या पंपावरचं चांगलं?

अमुक कंपनीचंच डिझेल चांगलं, असं अनेक वाहनचालक सांगतात. पण इंडियन ऑइल असो, भारत पेट्रोलियम असो की हिंदुस्तान पेट्रोलियम, साध्या डिझेलला मानक एकच. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियमानुसार डिझेलच्या दहा लाख भागांत गंधकाचे जास्तीत जास्त १० भाग चालतात. आधी ही मर्यादा ५० होती. या कंपन्या एकमेकींच्या रिफायनरीतला मालही उचलतात. महागड्या डिझेलमध्ये वेगळी असतात ती मिसळलेली रसायनं. खरा फरक पंपाच्या देखभालीत असतो. जमिनीखालच्या टाकीत पाणी शिरलं, गाळ साचला, की फिल्टर आणि इंजेक्टर खराब होतात. आणि भेसळीची शंका आल्यास पंपावर डिझेलची घनता मोजून दाखवायला सांगा. तो तुमचा हक्क आहे.