व्याज वेळेवर येत होतं

मी वणीचा. सप्तशृंगीच्या गडाच्या पायथ्याशी आमचं गाव. सारी नोकरी पोस्टात झाली, शेवटची काही वर्षं तर गावातच. आज बोलायचंय ते पुण्याचे बांधकाम व्यावसायिक दीपक सखाराम कुलकर्णी, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले डीएसके, यांच्याबद्दल. पोस्टातल्या माणसाचा बिल्डरशी काय संबंध, असं वाटेल. तो पुढे येईलच.

आधी आमच्याकडची रीत सांगतो. दिंडोरी-निफाड हा द्राक्षाचा पट्टा. परगावचा व्यापारी येतो, पहिल्या वर्षी बागेत उभा राहून रोख पैसे मोजतो. दुसऱ्या वर्षी निम्मे रोख, निम्मे आठ दिवसांनी; तेही बरोबर आठव्या दिवशी. तिसऱ्या वर्षी शेतकरीच म्हणतो, शेठ, द्या सावकाश. आणि त्या वर्षी एखादा शेठ गायब होतो. सगळे तसे नसतात, बहुतेक सरळच असतात. पण जो बुडवतो, त्याच्याही आधीच्या दोन वर्षांत खोट काढायला जागा नसते.

डीएसकेंची सुरुवात मात्र कोणालाही कौतुक वाटावं अशीच. जन्म १९५० चा, बालपण कसबा पेठेत, बेताच्या परिस्थितीत. कचेऱ्यांतले टेलिफोन पुसून त्यांना सुवास लावून द्यायचा, ‘टेलिस्मेल’ नावाचा धंदा त्यांनी काढला होता. दुसऱ्याचे फोन पुसायला लाज न वाटलेला हा तरुण पुढे बांधकामात शिरला आणि धायरीला ‘डीएसके विश्व’ उभं राहिलं. ‘घराला घरपण देणारी माणसं’ ही त्यांची जाहिरात पुण्याबाहेरच्या लोकांनाही पाठ होती. मराठी माणसाला धंदा जमत नाही, हे ऐकून कान किटलेल्या आमच्या पिढीला ते घरातल्या कर्त्या मुलासारखे वाटत. बोलतही फार छान. त्यांची भाषणं ऐकून कितीतरी पोरांनी नोकरीचा नाद सोडला असेल.

घरांपाठोपाठ टोयोटा गाड्यांची एजन्सी आली, मोटारसायकली आल्या, ॲनिमेशनचं कॉलेज आलं, फुटबॉलचा संघसुद्धा आला. फुरसुंगीला ‘ड्रीम सिटी’ घोषित झाली. आणि या सगळ्याला लागणारा पैसा काही बँकांकडून, काही लोकांच्या ठेवींतून.

इंग्लंडात पीटर रॅकमन नावाचा एक घरमालक होऊन गेला. पोलंडमधून निर्वासित म्हणून आलेला. १९५० च्या दशकात लंडनच्या नॉटिंग हिल भागात त्यानं जुनी घरं घेतली, जुन्या भाडेकरूंना हुसकावलं, आणि ज्यांना दुसरं कोणी दारात उभं करत नव्हतं अशा वेस्ट इंडीजच्या लोकांना भरमसाट भाड्यानं खोल्या दिल्या. १९६२ मध्ये तो वारला. पण त्याच्या नावावरून ‘रॅकमनिझम’ हा शब्द इंग्रजी कोशात गेला, आणि १९६५ मध्ये भाडेकरूंना संरक्षण देणारा कायदा झाला. त्याला लोक घाबरत. घाबरणारा माणूस निदान सावध तरी असतो. आमच्या माणसावर लोकांचं प्रेम होतं.

ऑक्टोबर २०१७ मध्ये ठेवीदारांच्या तक्रारीवरून पुण्यात गुन्हा नोंदवला गेला. नोटाबंदी, मंदावलेला बाजार, अशी कारणं डीएसके देत होते, पैसे परत करण्याची हमीही जाहीरपणे देत होते. त्यांच्यासाठी लोकांकडून निधी गोळा करावा, अशीसुद्धा चर्चा झाली! मुंबई उच्च न्यायालयात ५० कोटी भरण्याची तयारी दाखवली, मुदती मिळाल्या, पैसे काही भरले गेले नाहीत. १७ फेब्रुवारी २०१८ ला पती-पत्नीला दिल्लीत अटक झाली. आरोप दोन हजार कोटींहून अधिक रकमेचा. ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना जामीन दिला, तोवर साडेचार वर्षं तुरुंगात गेली होती. आरोप सिद्ध होणं वेगळं, ते न्यायालयाचं काम. कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत निघाली आणि २०२३ मध्ये दुसऱ्यांकडे सोपवण्याची योजना मंजूर झाली.

आता माझा संबंध. आमच्या गावातल्या एक निवृत्त शिक्षिका, आम्ही सगळे त्यांना बाई म्हणतो, एक दिवस मासिक उत्पन्न योजनेचं खातं मोडायला आल्या. आमच्याकडे आठ टक्के. त्यांच्या भाच्यानं सुचवलेल्या एका बांधकाम कंपनीत बारा. ती कंपनी डीएसकेंची नव्हे, वेगळीच. नाव घेत नाही. मुदतीआधी मोडल्याची कपात मी सांगितली, फॉर्म भरून दिला, सही घेतली. विचारायला हवं होतं ते विचारलं नाही, की बाई, बँक स्वस्तात कर्ज देत असेल, तर हा माणूस तुमच्याकडे बारा टक्क्यांनी का येतोय? ठेवीला तारण काय? घर घेणाऱ्याचं नाव निदान करारावर असतं. रेरा कायद्यानं २०१७ पासून ग्राहकांकडून येणाऱ्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवणं बिल्डरला बंधनकारक केलं. ठेवीदाराच्या हाती मात्र नुसती पावती. त्याच्यासाठी आपल्या राज्याचा १९९९ चा कायदा आहे, मालमत्ता जप्त करून विकण्याची सोय त्यात आहे. पण आधी जप्ती, मग हरकती, मग लिलाव. साठीतल्या माणसाला ती वर्षं कुठून आणायची?

मी गप्प राहिलो, कारण मला वाटलं, पोस्टाचा माणूस दुसऱ्याच्या ठेवीबद्दल बोलला तर म्हणतील, स्वतःचं खातं जातंय म्हणून बोलतोय.

बाईंना तीन वर्षं व्याज मिळालं, एक दिवस इकडे-तिकडे नाही. दर तिमाहीला भेटल्या की सांगायच्या, बघा, आलं हो. चौथ्या वर्षी सांगायच्या बंद झाल्या. मीही विचारलं नाही. मग एकदा कोजागरीच्या गर्दीत गडावर भेटल्या, म्हणाल्या, “तुम्ही तेव्हा फॉर्म देताना जरा थांबला होतात. मला वाटलं होतं, काहीतरी बोलाल.”