धातुविद्येचा धंदा व त्यास लागणारी तयारी

(ज्युबिलीच्या मंडपांत पॅरिशमधील तरुणतरुणींच्या व त्यांच्या आईबापांच्या सभेपुढें दिलेलें भाषण)



ज्युबिली म्हटली कीं तिला मौल्यवान धातूचें नांव देण्याचा प्रघात आहे. पंचवीस वर्षांची रौप्य, पन्नास वर्षांची सुवर्ण. लोखंडाच्या नांवाची ज्युबिली कोणी साजरी केल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. आणि मौज ही कीं, ज्या आगगाडीनें आपले लोक रोज मुंबईस जातात तिचे रूळ, विहिरीवरचा पंप, मोडलेल्या मांडींत डॉक्टर घालतात ती सळई, ह्यांपैकीं एकही वस्तु रुप्याची अगर सोन्याची नाहीं. आज आम्हांस ह्या साध्या धातूंच्या विद्येविषयीं बोलावयाचें आहे. गेल्या वर्षभरांत चारपांच घरचे वडील आपल्या मुलांस घेऊन आमच्याकडे आले व "धातुशास्त्राकडे जावें काय, आणि जावयाचें तर काय यावें लागतें?" असें विचारते झाले. आम्ही सेमिनरींत तत्त्वज्ञान व देवज्ञान शिकलेले. भट्टीशीं आमचा संबंध धुपाटण्यापुरता. तेव्हां जें सांगतों तें ग्रंथांतून वाचलेलें व आपल्याच पॅरिशमधील फाउंड्रींत आणि प्रयोगशाळेंत काम करणाऱ्या मंडळींस विचारून घेतलेलें आहे, असें समजावें.

"शिकूनसवरून शेवटीं लोहारकीच ना?" असें एका बापानें म्हटलें. लोहारकी हलकी नव्हे, हें एक. आणि धातुविद्या म्हणजे नुसती लोहारकी नव्हे, हें दुसरें. खनिजांतून धातु काढणें, त्यांत दुसरे पदार्थ मिसळून मिश्रधातु करणें, तो ओतणें, लाटणें, घडविणें, तापवून व थंड करून त्याचे गुण पालटणें, आणि तो सोंपविलेल्या कामास टिकेल कीं नाहीं हें आधीं सांगणें, इतका तिचा पसारा आहे. ह्यांतील शेवटचें काम सर्वांत अवघड. धातु बाहेरून गुळगुळीत दिसतो. त्याच्या पोटांतलें डोळ्यांस दिसत नाहीं, आणि न दिसणाऱ्या गोष्टीविषयीं ह्या माणसास खात्रीनें बोलावें लागतें.

ह्या धंद्यास कोणतें ज्ञान लागतें, हा प्रश्न नवा नाहीं. सॅक्सनींतील जॉर्जियस आग्रिकोला हा गृहस्थ धंद्यानें वैद्य. १५२७ सालीं तो बोहेमियांतील योआखिमस्थाल नांवाच्या चांदीच्या खाणींच्या गांवीं नगरवैद्य म्हणून राहिला. (त्या गांवच्या चांदीच्या नाण्यास थालर म्हणत, त्याच नांवाचा अपभ्रंश आजचा डॉलर.) खाणकामगारांचीं दुखणीं पाहतां पाहतां त्यानें त्यांची विद्याही पाहिली, आणि लॅटिन भाषेंत खाणी व धातु ह्यांवर बारा भागांचा मोठा ग्रंथ लिहिला. तो त्याच्या मृत्यूनंतर, १५५६ सालीं छापला गेला. पहिल्याच भागांत तो सांगतो कीं, ह्या कामांत पडणाऱ्यास तत्त्वज्ञान, वैद्यक, ज्योतिष, जमिनीची मोजणी, अंकगणित, वास्तुविद्या, चित्रकला आणि कायदा इतकें ठाऊक असावें. तत्त्वज्ञान कशाला, तर जमिनीखालील पदार्थांचें मूळ व स्वभाव कळावा म्हणून. वैद्यक, कामगारांस जपतां यावें म्हणून. चित्रकला, यंत्राचा आराखडा काढतां यावा म्हणून. तेथील प्रजा प्रॉटेस्टंट झाल्यावरही हा कथोलिकच राहिला, आणि केम्निट्झ गांवीं निवर्तला तेव्हां त्या गांवांत त्यास मूठमाती मिळाली नाहीं. प्रेत त्साइट्झ येथें न्यावें लागलें. असो. त्याची यादी पांच शतकांपूर्वींची असली, तरी तींतील निम्मी अजून चालते.

तत्त्वज्ञानाचें नांव निघालें म्हणून आमच्या विषयाकडे थोडें वळतों. आरिस्टॉटल शिकवितो कीं प्रत्येक पदार्थास द्रव्य असतें आणि रूप असतें. हें आम्हीं विद्यार्थिदशेंत पाठ केलें. परंतु त्याचें उत्तम उदाहरण पोलादांत आहे, हें पुढें पुष्कळ वर्षांनीं कळलें. ज्यांत शेंकडा सुमारें ०.८ भाग कर्ब आहे अशा पोलादाचे दोन सारखे तुकडे घ्यावे. दोन्ही ८०० अंश सेल्सिअसपर्यंत लाल तापवावे. एक भट्टींतच सावकाश निवूं द्यावा. तो मऊ होतो, त्यास कानस लागते. दुसऱ्यास एकदम पाणी द्यावें; तो इतका कठीण होतो कीं कानस त्यावरून घसरते, आणि हातोडा बसला तर कांचेसारखा फुटतो. द्रव्य तेंच, एक कणही अधिकउणा झाला नाहीं. पालटली ती आंतील कणांची रचना. मग त्याच कठीण तुकड्यास पुन्हां बेतानें तापविलें, म्हणजे फुटकेपणा जातो व कठीणपणा पुष्कळसा उरतो. आपल्या गांवचा कोयता ह्याच रीतीनें होतो. परंतु कांशाचें उलटें आहे. ज्या कांशांत कथील जास्त, तें तापवून पाण्यांत बुडविलें असतां कठीण होण्याऐवजीं घडविण्याजोगें होतें. पोलादाचा नियम कांशास लावणारा फसला! म्हणून नुसता पाठ केलेला नियम ह्या धंद्यांत पुरत नाहीं, "असें कां?" हें विचारावें लागतें. त्यासाठीं रसायनशास्त्र, पदार्थविज्ञान आणि गणित हीं तिन्ही पक्कीं हवींत. किती उष्णतेवर कोणत्या मिश्रणाचें कोणतें रूप टिकतें हें दाखविणारा एक नकाशा असतो. त्यास फेज डायग्राम म्हणतात. तो ज्यास वाचतां येईना त्यानें पुढें जाऊं नये. हल्लीं असे नकाशे गणकयंत्रावर काढतात, म्हणून संगणकाची भाषाही शिकणें आलें.

आपल्या देवळाची घंटा घ्या. घंटेच्या धातूंत शंभरांत सुमारें ७८ भाग तांबें व २२ भाग कथील असतें. जुन्या तोफांच्या धातूंत कथील सुमारें १० भागच. तोफेनें धक्का सोसावा, घंटेनें नाद द्यावा. त्याच दोन धातूंच्या प्रमाणांत फरक केला कीं काम पालटतें. घंटेंत कथील फार झालें तर ती तडकते, कमी झालें तर बद्द वाजते. १७३९ सालीं चिमाजी अप्पांच्या फौजेनें वसई घेतली, तेव्हां येथील देवळांच्या घंटा मराठ्यांनीं नेल्या. त्यांपैकीं नाशिकास नारोशंकराच्या व भीमाशंकराच्या देवळांत टांगलेल्या आजही पाहावयास मिळतात.

आतां हाताचें कौशल्य. शेफील्डचा हेन्री सॉर्बी ह्यानें १८६३-६४ च्या सुमारास पोलादाचा तुकडा घांसून, आम्लानें किंचित् खावूं देऊन, सूक्ष्मदर्शकाखालीं धरला, आणि धातूच्या पोटांतील स्फटिकांची रचना दिसूं लागली. आजही प्रत्येक विद्यार्थ्यास हेंच प्रथम करावें लागतें. जाड पॉलिश कागदापासून बारीक कागदापर्यंत घांसत जावयाचें, दर कागदागणीक तुकडा काटकोनांत फिरवावयाचा, म्हणजे आधींचे ओरखडे गेले कीं नाहींत हें कळतें. मग आरशासारखा झाल्यावर अल्कोहोलांत मिसळलेल्या थोड्या नायट्रिक आम्लांत कांहीं सेकंद. दोन सेकंद अधिक गेले तर पुन्हां पहिल्यापासून! ज्याच्या अंगीं उतावीळपणा आहे त्याचें येथें जमत नाहीं.

शिक्षणाच्या वाटा थोडक्यांत सांगतों. दहावीनंतर आय. टी. आय. मध्यें फाउंड्रीमन किंवा वेल्डर हा एक वर्षाचा, फिटर हा दोन वर्षांचा. नाहीं तर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा, आणि त्यानंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षांत प्रवेश. बारावीला शास्त्र व गणित घेतलेल्यास चार वर्षांची पदवी. बनारसच्या हिंदु विश्वविद्यालयांत हा विषय १९२३ सालापासून शिकवितात. आपल्याकडे पुण्याचें जुनें अभियांत्रिकी महाविद्यालय, जें २०२२ सालापासून स्वतंत्र तंत्रविद्यापीठ झालें आहे, नागपूरची राष्ट्रीय तंत्रसंस्था व पवईची आय. आय. टी. धातु न मोडतां भेग शोधण्याची एक निराळी परीक्षा आहे; ध्वनिलहरींनीं, क्ष-किरणांनीं अथवा रंगीत द्रवानें ती भेग पाहतात. तिच्या तीन पायऱ्या असून उमेदवाराची जवळची दृष्टि तपासून घेतात.

मुलींविषयीं विचारणारे आईबाप फार. त्यांस एक हकीकत सांगतों. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेनें जहाजें रिव्हेटांऐवजीं वेल्डिंगनें जोडून घाईघाईनें बांधलीं. जानेवारी १९४३ मध्यें स्केनेक्टडी नांवाचें नवें तेलवाहू जहाज पोर्टलंड येथें शांत पाण्यांत धक्क्याला बांधलेलें असतां मोठा आवाज होऊन जवळजवळ दुभंगलें. वादळ नाहीं, शत्रु नाहीं. इतरही कित्येक जहाजांस अशाच भेगा गेल्या. सगळ्यांनीं वेल्डिंगकडे बोट दाखविलें. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर ह्या विदुषीनें दाखवून दिलें कीं मूळ दोष पोलादाचा आहे. विशिष्ट थंडीखालीं तें आपला चिवटपणा टाकून ठिसूळ होतें, आणि पत्रे एकसंध जोडलेले असल्यानें भेग वाटेंत कोठें अडत नाहीं. ह्या बाई १०१ वर्षें जगल्या.

प्रयोगशाळेंत काम करणाऱ्या आपल्या एका तरुणास आम्हीं विचारलें कीं, सर्वांत कठीण काय? तो म्हणाला, सायंकाळचे सात. माल भरून गाडी दारांत उभी आहे, आणि तपासणीचा आंकडा किंचित् कमी आला आहे. साहेब म्हणतात, पुन्हां एकदा करून पाहा. पुन्हां करणें रास्त आहे. परंतु चांगला येईल तोंवर करीत राहून वाईट तेवढे फाडून टाकणें, ही दुसरी गोष्ट झाली. त्याच्या सहीच्या कागदावर भरंवसून कोणी त्या पोलादाचा पाळणा उंच वर नेणार असतो. ही कणखरता ज्यास घरीं शिकविली नाहीं, त्यास कॉलेजांत कोण शिकविणार?

धंद्यांत धोका नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. फाउंड्रींतील रेतीची बारीक धूळ फुप्फुसांत बसते, म्हणून तोंडावर मास्क हवाच. पोलाद ओततात तें सुमारें १६०० अंशांवर. सांच्यांत ओल राहिली तर तिची एकदम वाफ होते, आणि ती दीड हजारांहून अधिक पट जागा मागते. तेथें उभ्या असलेल्या माणसाचें काय होतें हें सांगावयास नको. जेथें हेल्मेट, बूट व मास्क देत नाहींत तेथें कामास राहूं नये, पगार कितीही असो.

शेवटीं, मेजावर पंपाचा एक तुटलेला बोल्ट ठेविला आहे. तो एका झटक्यांत तुटलेला नाहीं. त्याच्या तोंडावर, ओहोटीनें वाळूवर ठेवाव्या तशा, एकामागून एक वळणदार रेषा आहेत. पंपाच्या रोजच्या हादऱ्यानें भेग थोडी थोडी पुढें सरकत गेली, आणि उरलेला भाग खरबरीत आहे तो शेवटीं एकदम गेला. भिंग शेजारींच आहे. रेषा आट्याच्या कोणत्या खांचेपासून निघतात तें मुलांनीं शोधावें, आणि मग चहा घ्यावा.