पानिपतचा दुसरा अर्थ

(हीरक महोत्सवी वर्षात शाळेच्या छंदवर्गाच्या उद्घाटनप्रसंगी केलेले भाषण)



‘पानिपत’ हा शब्द कानी पडताच मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे एकच दिवस उभा राहतो : १४ जानेवारी १७६१. उत्तरेकडील कडाक्याची थंडी, रसद तुटल्यामुळे उपाशी राहिलेले सैन्य आणि संक्रांतीच्या सुमारास एका पिढीवर झालेला घाला. मराठी भाषेने या गावाचे नाव सर्वनाशाचा पर्याय म्हणूनच स्वीकारले. निवडणूक हरली, धंदा बुडाला, परीक्षेत अपयश आले, की ‘पानिपत झाले’ असे सहज म्हटले जाते.

ते गाव मात्र त्या दिवसापाशी थांबलेले नाही. दिल्लीच्या उत्तरेस सुमारे नव्वद किलोमीटरवर, हरियाणात वसलेले आजचे पानिपत हे सतरंज्या, गालिचे, पडदे आणि ब्लँकेटे विणणारे शहर आहे. १९४७च्या फाळणीत पश्चिम पंजाबातून घरदार सोडून आलेल्या अनेक कुटुंबांनी येथे आसरा घेतला आणि हातमाग मांडून संसार पुन्हा उभे केले. लोखंडी पंजाने बाण्याचे धागे ठोकून विणलेली येथील ‘पंजा दरी’ देशभर ओळखली जाते.

या शहराचा आणखी एक उद्योग फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. थंड देशांतील लोकांनी टाकून दिलेले लोकरीचे कोट, स्वेटर, मफलर गठ्ठ्यागठ्ठ्यांनी येथे येतात. कामगार स्त्रिया त्यांची बटणे, चेनी, अस्तरे काढून टाकतात आणि रंगानुसार ढीग लावतात. लालात लाल, निळ्यात निळे ठेवल्यामुळे पुढे पुष्कळदा नव्याने रंगविण्याची गरजच उरत नाही. मग यंत्रात ते कपडे फाडून, पिंजून त्यांची पुन्हा लोकर केली जाते, तिचे सूत काततात आणि त्या सुताची ब्लँकेटे विणतात. या पुनर्वापरातल्या लोकरीला ‘शॉडी’ म्हणतात. ही युक्ती इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात, बॅटली या गावी, १८१३च्या सुमारास बेंजामिन लॉ याने रूढ केली. पानिपतने ती इतकी आत्मसात केली, की भूकंप वा पूर आल्यावर मदत म्हणून वाटल्या जाणाऱ्या ब्लँकेटांचा मोठा पुरवठा या शहरातून होत आला आहे. जेथे एके काळी माणसे थंडीने काकडली, तेथूनच आज दूरदूरच्या निराधारांना ऊब पाठविली जाते. पानिपत या शब्दाचा हा दुसरा अर्थ मराठी मुलांना ठाऊक असावयास हवा.

आजच्या छंदवर्गात मुले जे शिकणार आहेत, ते याच अर्थाचे घरगुती रूप होय. ओल्या लोकरीचा नमदा करण्याची ही कला. तिला माग लागत नाही, सुई लागत नाही, सूतही लागत नाही. पिंजलेली लोकर, कोमट पाणी, साबण आणि दोन तळहात एवढ्यावर ती उभी आहे.

लोकरीचा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर त्यावर माशाच्या खवल्यांसारखे खवले दिसतात. गरम पाण्याने आणि साबणाने हे खवले किंचित उघडतात. हाताने चोळले, की तंतू मुळाच्या दिशेने सरकतात, एकमेकांत शिरतात आणि खवल्यांमुळे मागे फिरू शकत नाहीत. घरातला चांगला लोकरी स्वेटर चुकून गरम पाण्यात घुसळला गेला, की आक्रसून बाळाच्या मापाचा होतो, त्यामागेही हेच कारण असते. कापसाला खवले नसतात, ॲक्रिलिकलाही नसतात. म्हणूनच बाजारात ‘लोकर’ या नावाने मिळणाऱ्या ॲक्रिलिकच्या गुंड्यांचा नमदा कितीही चोळला तरी होत नाही. यंत्रात धुता यावी म्हणून प्रक्रिया केलेली खरी लोकरही सहसा मिळून येत नाही. शंका असल्यास मोठ्यांनी एक धागा जाळून पाहावा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि तिची राख बोटांनी चुरडते. ॲक्रिलिक वितळून त्याचा कठीण मणी होतो.

कृती सोपी आहे. चटईवर लोकरीचे पातळ पदर अंथरावयाचे. पहिला पदर आडवा, त्यावरचा उभा, पुन्हा आडवा, असे तीन-चार थर. त्यावर जुन्या पडद्याची जाळी घालून साबणाचे कोमट पाणी शिंपडावयाचे आणि तळहाताने दाबून आतली हवा काढावयाची. मग हलक्या हाताने, गोल गोल, पाचदहा मिनिटे चोळावयाचे. चिमटीत धरून पाहिल्यावर सुटे तंतू वर न येता सगळा पदर एकसंध उचलला गेला, की पहिली पायरी साधली. नंतर ते चटईत गुंडाळून लाटण्यासारखे पुढेमागे लाटावयाचे, दर काही वेळाने दिशा बदलावयाची. कापड आक्रसत जाते, दाट होते. शेवटी स्वच्छ पाण्यात साबण पूर्ण जाईपर्यंत खळबळून, हवा तो आकार देऊन सावलीत वाळवावयाचे. लहान मुलांनी आरंभ लोकरीच्या चेंडूपासून करावा. लाडू वळणाऱ्या घरातल्या हातांना ते शिकवावे लागत नाही.

या कामात एक शिस्त आहे. आरंभीच जोर लावला, तर पदर सरकतात, मध्ये भोक पडते, कडा विस्कटतात. शेवटी जोर लावला नाही, तर कापड पोचट राहते. प्रथम हळुवारपणा आणि मग कष्ट, हा क्रम उलटा चालत नाही. विणकामात टाका चुकला तर उसवता येतो, शिवण उलगडता येते. एकदा मिळून आलेली लोकर मात्र हाताने पुन्हा सुटी करता येत नाही. खोडरबराची आणि संगणकावरील ‘अनडू’ची सवय झालेल्या मुलांना ही गोष्ट प्रथम जाचक वाटते. पण वेडावाकडा झालेला तुकडा फेकावयाचा नसतो. त्याचे कापून फूल करता येते, चष्म्याचे घर करता येते, गरम भांड्याखालचे आसन करता येते. चूक पुसता आली नाही, तरी तिचा उपयोग करता येतो, हे मुलाला पन्नास वेळा सांगून पटत नाही. त्याच्या हाताला मात्र एका दुपारी पटते.

ही कला परदेशी आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. सैबेरियातील अल्ताई पर्वतातल्या पाझिरिक येथील थडग्यांत सुमारे २,४०० वर्षांपूर्वीची नमद्याची वस्त्रे बर्फामुळे टिकून राहिली. त्यांत नमद्याचे राजहंसही सापडले आणि ते आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहेत. मंगोलियातील भटक्यांची घरे नमद्याची असतात. आपल्या देशात काश्मीर, कच्छ आणि राजस्थानातील टोंक येथे नमदा होतो. आणि खुद्द महाराष्ट्रातही, दख्खनी मेंढीच्या जाड्याभरड्या लोकरीचे ‘जेन’ कोल्हापूरकडच्या भागात पायाने मळून, लाटून करण्याची परंपरा आहे. न विणलेल्या लोकरी कापडाला ‘बुरणूस’ हा जुना शब्दही मराठीत आहे. त्याच लोकरीची घोंगडी सनगर विणतात. ती चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेल्या ताण्यावर विणली जाते आणि पावसात धनगराच्या डोक्यावर खोळ होऊन बसते. धनगरांची ही लोकर आज मोलाची राहिलेली नाही. कातरणीचा खर्चही निघेना म्हणून ती पुष्कळदा टाकून दिली जाते. खुद्द पानिपतातही स्वस्त पॉलिएस्टर ब्लँकेटांनी शॉडीच्या मागांना मागे सारले आहे. शब्द कोशात राहावेत आणि वस्तू हातून जावी, ही खरी पराभवाची खूण होय.

येथे एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारावयास हवा. मुलांनी सुटीच्या दिवशी तळहाताएवढा नमदा केल्याने धनगराची लोकर विकली जाईल का? पानिपतच्या गोदामात, तंतूंच्या धुळीत दिवसभर बटणे कापत बसणाऱ्या बाईचे श्रम हलके होतील का? होणार नाहीत. तिच्यासाठी हे काम छंद नाही. ती तिची रोजची भाकरी आहे. छंदाने दुसऱ्याच्या श्रमाची जागा घेऊ नये आणि त्याची नक्कल करून मिरवूही नये. परंतु ज्या मुलीने अर्धा दिवस चोळून एक लहानसा तुकडा केला, ती पुढे घोंगडीवाल्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस करताना नक्कीच थबकेल. वस्तूची किंमत चिठ्ठीवर वाचता येते. तिचे मोल कळण्यासाठी मात्र ती एकदा तरी करून पाहावी लागते.

शिक्षणाला हा विचार नवा नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवले. पुढे कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ हा शब्द शाळांना दिला. वेळापत्रकात तो तास अजूनही दिसतो. गणिताचा भाग राहिला, की प्रथम तोच तास उसना घेतला जातो. या हीरक महोत्सवी वर्षात तो तास ज्याचा त्याला परत मिळाला, तर साठ वर्षांच्या वाटचालीत ती एक चांगली भर ठरेल.

पालकांना एकच विनंती. घरी आजीच्या हातची गोधडी असेल, तर ती मुलांसमोर उलगडावी. आईचे लुगडे, आजोबांचे धोतर, भावाचा सदरा यांचे तुकडे ओळखायला सांगावेत. जुने टाकून न देता त्यातून ऊब निर्माण करण्याची विद्या मराठी घराला कोणी बाहेरून शिकविलेली नाही. कपाटात आक्रसून गेलेला एखादा लोकरी स्वेटर असला, तर तो टाकू नये, छंदवर्गाकडे पाठवावा. त्याची पिशवी होईल, पायमोजे होतील.

येत्या संक्रांतीला तिळगूळ वाटताना मुलांच्या मनात पानिपतची आठवण यावी. रणात पडलेल्यांसाठी मान लवावी, आणि त्याच गावात आज फाटलेल्याची पुन्हा ऊब करणाऱ्या अनाम हातांसाठीही ती तितकीच लवावी.