वेळीच उतरण्याचे धैर्य



'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' (१९९५) मधील धावत्या गाडीने आपट्याचे स्थानक देशभर पोहोचवले. गाडी पकडणाऱ्याचे कौतुक सारेच करतात. चुकीच्या गाडीतून वेळीच उतरणाऱ्याचे कोण करतो?

१९७६ साली नारायण मूर्ती यांनी पुण्यात 'सॉफ्ट्रॉनिक्स' ही संगणक-प्रणालींची कंपनी काढली. देशात तेव्हा संगणकच मोजके. ग्राहक मिळणार कोठून? सुमारे दीड वर्षात त्यांनी ती बंद केली आणि पाटणी कॉम्प्युटर सिस्टिम्समध्ये नोकरी पत्करली. उणीव परिश्रमांची नव्हती, बाजारपेठेची होती. १९८१ मध्ये पत्नी सुधा यांनी दिलेल्या १०,००० रुपयांवर, ६ सहकाऱ्यांसह, परदेशी ग्राहक डोळ्यांपुढे ठेवून 'इन्फोसिस' उभी राहिली.

उद्योग मिटवून घरी परतलेल्या मुलाला हरलेला म्हणू नका. पाठीवर हात ठेवून 'काय शिकलास?' एवढेच विचारा.