खेळ पुरा द्या, सवलतीचे मग बोलू



ग्राहक चळवळीच्या अध्यक्षाने भेसळ आणि वजनमापांवर बोलावे अशी रीत आहे. मी व्हिडिओ गेमवर बोलणार आहे. मागच्या रांगेत दोघेतिघे हसले. त्यांनी अलीकडे क्रेडिट कार्डाचे बिल नीट वाचलेले दिसत नाही.

गेम बाजारात यायच्या कित्येक महिने आधी कंपनी सांगते, आजच पैसे भरा, जादा पोशाख मिळेल, जादा शस्त्र मिळेल, एखादी जादा मोहीमही मिळेल. याला प्रीऑर्डर बोनस म्हणतात. मागाहून येणाऱ्याला यातले काही नाही. हे रास्त आहे का, एवढाच आजचा प्रश्न.

आगाऊ पैसे घेणे मुळात वाईट नाही. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोश पदरच्या पैशाने काढला नाही. नागपुरात मर्यादित कंपनी उभी केली, भागधारक आणि वर्गणीदार जमवले, आणि पुढे २३ खंड लोकांच्या हाती दिले. लोकांनी आधी विश्वास टाकला नसता तर तो ग्रंथ झालाच नसता. आजही आपले प्रकाशक प्रकाशनपूर्व सवलत देतात, पण ती किमतीत असते. आधी पैसे भरणाऱ्याला पुस्तक स्वस्त पडते. उशिरा येणाऱ्याच्या प्रतीतले शेवटचे प्रकरण कोणी काढून ठेवत नाही.

गेमच्या धंद्यात ते काढून ठेवतात. मार्च २०१२मध्ये ‘मास इफेक्ट ३’ आला. या मालिकेचे सारे गूढ प्रोथियन नावाच्या एका नामशेष वंशाभोवती फिरते. त्या वंशातला एकमेव जिवंत उरलेला जाविक पहिल्याच दिवशी तयार होता. महागड्या आवृत्तीत तो फुकट होता, साधी आवृत्ती घेणाऱ्याने त्याच्यासाठी आणखी १० डॉलर मोजायचे. कंपनीचे म्हणणे असे, की मूळ गेमचे काम संपल्यावर हा भाग वेगळा केला. असेलही. पण कथा ज्याच्या वंशावर उभी आहे तोच ‘जादा’ कसा? निव्वळ पोशाखाचे मी समजू शकतो. बीजीएमआय या मोबाइल गेमने मे २०२१मध्ये आधी नावनोंदणी करणाऱ्यांना मुखवटा आणि पोशाख देऊ केला. नोंदणीला पैसे नव्हते आणि मुखवटा चढवून कोणाचा नेम सुधारत नाही. तिथे माझी तक्रार नाही.

आता दिल्लीतल्या कनॉट प्लेसच्या पोटातल्या पालिका बाजारात उतरा. दुकानदार जुनी डिस्क दिव्याखाली तिरपी धरतो, ओरखडे बघतो, डबी उघडून आत काय उरले आहे ते चाचपतो आणि मग भाव बोलतो. नव्या गेमला पाच हजारांच्या आसपास मोजणे ज्या घरांना झेपत नाही, त्यांचे हे फिरते वाचनालयच. पण डबीतल्या चिठ्ठीवरचा बोनसचा कोड पहिल्या मालकाने वापरलेला असतो, आणि तो एकदाच चालतो. डिस्क दुसऱ्या हाती जाते, बोनस जात नाही. ईए कंपनीने २०१०मध्ये ‘ऑनलाइन पास’ काढून याची रीतच पाडली होती. जुनी डिस्क घेणाऱ्याने ऑनलाइन खेळायचे तर वेगळे पैसे भरायचे. बराच ओरडा झाला आणि २०१३मध्ये कंपनीने तो पास गुंडाळला. माझ्या मते बोनसच्या कोडात तो अजून जिवंत आहे.

आगाऊ पैशाचे दुसरे टोक नोएडाकरांना मी काय सांगावे! आम्रपाली या बिल्डरच्या ४२ हजारांहून अधिक घरग्राहकांसाठी सर्वोच्च न्यायालयाला जुलै २०१९मध्ये अपुरे प्रकल्प एनबीसीसी या सरकारी बांधकाम कंपनीकडे सोपवावे लागले. बिल्डरसाठी निदान आज रेरा कायदा आहे. नोंदणीकृत करारावाचून १० टक्क्यांवर आगाऊ रक्कम घेता येत नाही, आणि ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. शिवाय फ्लॅट मोजके असतात, सिमेंट आधी आणावे लागते. डाउनलोड करायच्या गेमची प्रत कधी संपत नाही. मग घाई कसली? परीक्षणे छापून यायच्या आत गल्ला भरावा, एवढीच. ‘सायबरपंक २०७७’ची आगाऊ नोंदणी ८० लाखांवर गेली होती. डिसेंबर २०२०मध्ये गेम आला, जुन्या प्लेस्टेशनवर धड चालेना, आणि आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून पैसे परत देऊ केले.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दिल्लीतच आहे. त्याने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्नबाबत, म्हणजे ऑनलाइन विक्रीतल्या फसव्या युक्त्यांबाबत, मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि १३ लबाड्या नावानिशी सांगितल्या. त्यांत खोटी घाई आहे. किंमत हळूहळू उघड करण्याच्या लबाडीचे उदाहरण म्हणून तर बुद्धिबळाचे ॲप दिले आहे: फुकट खेळा म्हणायचे आणि सात दिवसांनी पैसे मागायचे. म्हणजे गेम खेळणारा हाही ग्राहक आहे, हे सरकारला मान्य आहे. पण तेरांत प्रीऑर्डर बोनस नाही.

सरसकट बंदी मी मागत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या छोट्या स्टुडिओने ‘राजी’ या गेमसाठी २०१७मध्ये किकस्टार्टर या संकेतस्थळावर लोकांकडे निधी मागितला. लक्ष्य गाठले नाही, त्यामुळे तिथल्या नियमानुसार कोणाचे पैसेही कापले गेले नाहीत. गेम २०२०मध्ये वेगळ्या वाटेने आला. असे उघडपणे मागणाऱ्याला मी खुशाल आगाऊ पैसे देईन. ज्याचा गेम तयार आहे आणि जो त्यातला तुकडा अडवून ठेवतो, त्याला नाही.

आणि ग्राहक बोलला की फरक पडतो. २०१५मध्ये ‘डेयस एक्स: मॅनकाइंड डिव्हायडेड’च्या कंपनीने, जितकी नोंदणी वाढेल तितके बोनस उघडतील, अशी उतरंड रचली होती. खेळाडू खवळले आणि काही आठवड्यांत ती मोडावी लागली.

म्हणून दुपारच्या ठरावाच्या मसुद्यात तीन मागण्या घालाव्यात, अशी माझी विनंती आहे. मूळ किमतीत कथेचा कोणता भाग मिळत नाही, हे खरेदीच्या पानावर ठळक मराठीत आणि हिंदीत लिहावे. गेम प्रसिद्ध होईपर्यंत आगाऊ रक्कम एका बटणात परत मिळावी. पहिल्या दिवशी तयार असलेला कथाभाग वेगळा विकला, तर ती अनुचित व्यापारी प्रथा मानावी. या मागण्या मान्य होईपर्यंत, ज्यांची फसगत झाली आहे त्यांनी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. मुलांचा खेळ म्हणून सोडून देऊ नये.